आठ सेकंदांचं आवर्तन

स्पीडोमीटरचा काटा ७० च्या जरा पुढे सरकला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. नुसतं थरथरलं असतं तर एक वेळ चालवून घेतलं असतं. पण ते पाळीच्या तापासारखं यायचं आणि जायचं. आधी तळव्यांना मुंग्या, मग मनगटं, मग कोपरापर्यंत सगळा हात, आणि घड्याळाचा पट्टा खुळखुळायला लागला की हळूहळू उतार. निवलं म्हणून श्वास सोडावा, तोवर तळव्यांना पुन्हा मुंग्या. वेग तोच, रस्ता तोच, पाय होता तिथेच.

"चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या," असं मला एकूण अकरा जणांनी सांगितलं. त्यांत आमचे निवृत्त मुख्याध्यापकही होते, ज्यांनी आयुष्यभर सायकल चालवली. बॅलन्सिंग दोनदा करून झालं होतं. यंत्राच्या पडद्यावर दोन्ही वेळा शून्य आलं, आणि दोन्ही वेळा सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर, गाडी नेली तर हात होते तसेच हलत होते.

गाडीविषयी आधी थोडं सांगायला हवं. मी फोंडा तालुक्यातला शाळामास्तर. गावच्या देवळात सोमवारच्या भजनाला तबल्याची साथ करतो. त्यापलीकडे कुठे नाव नाही. बायकोच्या मते मला दोन व्यसनं आहेत आणि दोन्हींना हातोडी लागते. तबला एक, आणि दुसरी ही गाडी. एका जुन्या जीपचा सांगाडा घेतला, टप काढला, समोरची काच कापून बुटकी केली, खोकणारं डिझेल इंजिन काढून भंगारातल्या एका सेडानचं पेट्रोल इंजिन बसवलं. मागे मोठी चाकं, पुढे लहान. मांजर झेप घेण्याआधी बसतं तशी ती उभी राहते. भाचा तिला "मामाचा हॉट रॉड" म्हणतो, आणि मी विरोध करायचं सोडून दिलंय.

खरे हॉट रॉड अमेरिकेतले. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी फोर्डच्या जुन्या स्वस्त गाड्या घेतल्या, मडगार्ड, बंपर, जे जे जड ते उतरवलं, इंजिन फुलवलं, आणि आटलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत वेगाच्या शर्यती लावल्या. १९३२ ची फोर्ड, २२१ घनइंचांच्या आणि ६५ अश्वशक्तीच्या व्ही-८ इंजिनाची, ही त्यांची लाडकी. तिच्या पुढच्या बाजूला एकच सलग लोखंडी एक्सल, या चाकापासून त्या चाकापर्यंत. आमच्या जीपचंही तसंच. त्यामुळे त्यांची दुखणी तीच आमची दुखणी. डाव्या चाकाला शिंक आली की उजव्याला पडसं.

कायद्याची बाजूही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळून स्पष्ट आहे: कंपनीने बनवलेल्या गाडीचं मूळ रूप असं बदललं की ते कागदाशी जुळत नाही, तर ती रस्त्यावर आणायची नाही. म्हणून ही गाडी टेंपोत चढून प्रवास करते. डिचोलीकडच्या एका सड्यावर मित्राच्या घरची जमीन आहे. खनिजाच्या टिपरांसाठी तिथे कधीकाळी पाऊण किलोमीटरचा सरळ डांबरी तुकडा केलेला. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या तसे टिपर गेले, कडेने गवत आलं, पण मधलं डांबर अजून शाबूत आहे. कॅलिफोर्नियावाल्यांची आटलेली तळी, आमचा ओसाड सडा.

तर आधीचा आजार वेगळाच होता. गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा ४०-४५ च्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं डावीकडे-उजवीकडे फडफडायला लागायची. तो कंप नव्हेच, तो धिंगाणा. स्टिअरिंग हातातून सुटायचं, आणि गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय थांबायचं नाही. मी इंटरनेटवर वाचलं, स्टिअरिंग डँपर लावा. म्हणजे शॉक ऍब्झॉर्बरसारखी एक नळी, आडवी बसवलेली. आत तेल. हळू फिरवलं तर ती वाट देते, झटका आला तर अडवते. लावली. धिंगाणा गायब. त्या रात्री मी घरी पेढे नेले.

दुसऱ्या रविवारी मेस्त आला. गोव्यात सुतार, गवंडी, मेकॅनिक, हाताला कसब असलेला कुणीही मेस्त; शब्द पोर्तुगिजांच्या मेस्त्रेवरून आलेला. आमचा मेस्त पासष्टीचा, तीस वर्षं खाणीच्या टिपरांखाली झोपून काढलेली. त्याने डँपर बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पाना घेऊन तो सरळ काढून टाकला.

"मास्तर, पयलीं हात लावन पळयात."

आधी हात लावून बघा. मग त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. "डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहा, जोरात नको." स्वतः खाली सरकला. एकेका सांध्यावर दोन बोटं अशी ठेवायची की एक बोट या भागावर आणि एक त्या भागावर. दोन्ही भाग एकदम हलले तर सांधा ठीक. एक आधी आणि दुसरा किंचित मागून आला तर बोटांना तो मधला उशीर कळतो. डोळ्यांना नाही कळत. वीस मिनिटांनी त्याने मलाही खाली बोलावलं आणि भाच्याला वर बसवलं. टाय रॉडच्या, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकत्र वळवणाऱ्या दांडीच्या, उजव्या टोकाच्या बॉल जॉइंटवर माझी बोटं नेऊन ठेवली. टिक. टिक. टिक. साखरेच्या दाण्याएवढी ढिलाई. "हा अजून महिनाभर राहिला असता तर निसटला असता," तो म्हणाला, "आणि तुमच्या त्या नळीने तुम्हाला शेवटपर्यंत कळू दिलं नसतं."

पेढ्यांची चव आठवून मला कसंसंच झालं.

मग पुढचा सगळा भाग जॅकवर चढला. चाक वर आणि खाली धरून हलवायचं; ढकढकलं तर दोष बेअरिंगचा किंवा किंग पिनचा, म्हणजे ज्या उभ्या खिळ्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं त्याचा. कुणाचा ते कसं कळणार? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ढकढक थांबली तर बेअरिंग सैल, तशीच राहिली तर किंग पिन झिजलेली. मी बी.एस्सी. फिजिक्स आहे, पण इतकी देखणी चाचणी मला कुणी वर्गात शिकवली नव्हती. आमची डाव्या बाजूची किंग पिन गेली होती. स्प्रिंगच्या पाट्यांचे बुशही गेले होते, त्यामुळे अख्खा एक्सलच थोडा थोडा पुढे-मागे पोहत होता.

आणि मग कास्टर. दुकानातल्या ट्रॉलीचं पुढचं चाक बघा: त्याचा खिळा पुढे असतो आणि चाक मागून ओढलं जातं, म्हणून ते आपोआप सरळ होतं. गाडीतही किंग पिन वरून जराशी मागे कललेली असते. जीपमध्ये हा कल साधारण ३ अंश. एकसंध एक्सलच्या हॉट रॉडला ५ ते ७ अंश चांगले मानतात. आम्ही झोकात मागे मोठी चाकं लावली होती. जीपच्या दोन्ही एक्सलमध्ये ८० इंच अंतर. मागचा भाग ३ इंच वर गेला की सगळी चेसिस पुढे झुकते आणि हा कल २ अंशांनी कमी होतो. म्हणजे मांजर झेप घ्यायला बसलं तेव्हाच त्याच्या पुढच्या पायातली ताकद गेली होती. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ४ अंशांच्या लोखंडी पाचरी घातल्या. मी म्हणालो आणखी थोडं घालू, तर मेस्त नको म्हणाला. कल फार झाला तरी स्टिअरिंग जड होतं आणि चाकं फडफडायला नवं निमित्त मिळतं.

धिंगाणा संपला, या वेळी नळीशिवाय.

स्टिअरिंगच्या शाफ्टची एक वेगळीच कथा. नव्या इंजिनाचा एक्झॉस्ट उजवीकडून निघतो, आणि आपलं स्टिअरिंगही उजवीकडे. अमेरिकेच्या सगळ्या आकृत्यांत ते डावीकडे, त्यामुळे त्यांच्या चित्रांत शाफ्ट कसा ऐसपैस उतरतो! पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यातली वाहतूक डावीकडूनच राहिली. त्यांनी तेव्हा आम्हालाही बरोबर नेलं असतं तर माझा एक महिना वाचला असता, असं मी भाच्याला म्हणालो. तो म्हणाला, "मामा, १९६१ नंतर परत बदललं असतं." पोरगं हुशार आहे.

शाफ्ट एक्झॉस्टला वळसा घालून न्यायचा म्हणून त्यात तीन युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारे सांधे, आले. जॉइंट वाकडा चालतो तेव्हा पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जरा घाईत आणि दोनदा जरा रेंगाळत फिरतो. दुसरा जॉइंट तितक्याच कोनात आणि पहिल्याशी नीट जुळवून बसवला तर ही घाई-रेंगाळ फिटते. चुकला तर दुप्पट होते. आमचा चुकला होता, म्हणून वळताना स्टिअरिंग हलकं-जड, हलकं-जड व्हायचं. शिवाय तीन जॉइंट आले की मधल्या शाफ्टला चेसिसवरून बेअरिंगचा टेकू लागतो, नाही तर तो दोरीसारखा झुलतो. टेकू दिला, आणि एका जागी रबर बसवलेला जॉइंट घातला. बारीक कुरकुर त्यात जिरली. हा रबराचा जॉइंट मेस्ताला मान्य होता. का, विचारलं. "सगळं बरं झाल्यावर मलम लावलं तर चालतं."

एवढं सगळं झालं आणि मग ते ७० च्या पुढचं, येणारं-जाणारं उरलं.

मेस्ताने त्याची नेहमीची विचारपूस केली. उभ्या गाडीत इंजिन फुगवलं तर थरथरतं का? नाही. ७० ला न्यूट्रल करून सोडली तर? तरीही थरथरतं. मग इंजिन सुटलं, चाकंच. फक्त ब्रेक दाबल्यावर? नाही, म्हणजे ड्रमही सुटले. पावसाळ्यात चार महिने उभी होती का? होती, प्लास्टिकखाली, गणपतीची चवथ होईपर्यंत. नायलॉनचे टायर एकाच जागी दबून राहिले की चपटे होतात, पण चार-पाच किलोमीटर चालून गरम झाले की पुन्हा गोल होतात. आपण तर चाळीस फेऱ्या मारल्या. मेस्त गप्प बसला. बॅलन्सिंगचं शून्य त्यालाही कोड्यात टाकत होतं.

त्या सोमवारी भजनाला बसलो होतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा किंचित उतरल्या होत्या, म्हणजे एकीपेक्षा एक केसभर. अशा वेळी आवाज डोलतो. फुगतो, ओसरतो, फुगतो, ओसरतो. वाजवणाऱ्याने खुंटी पिळली, डोल लांबत गेला, आणि तारा मिळाल्या तशी तो नाहीसा झाला. माझे हात तबल्यावर होते आणि मला एकदम स्टिअरिंग आठवलं. बुवांनी नंतर विचारलं, "आज तिहाईत कुठे गेलात, मास्तर?"

रविवारी भाच्याला शेजारी बसवलं. काटा ७२ वर धरला. थरथर शिगेला पोचली तिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मानली आणि मनात त्रिताल सुरू केला, सेकंदाला दोन मात्रा. धा धिं धिं धा. सोळा मात्रा संपल्या आणि थरथर बरोबर समेवर आली. पुन्हा सोळा. पुन्हा समेवर. भाच्याच्या फोनमधलं घड्याळ म्हणालं, आठ सेकंद. त्या पाऊण किलोमीटरच्या तुकड्यात, वेग घ्यायचा आणि थांबवायचा सोडून, जेमतेम तीन आवर्तनं बसायची. पण तीनही समा चोख.

ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. माझं पुढचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.२० मीटर जातं, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. सेकंदाला नऊ वेळा घडणारी गोष्ट आठ सेकंदांनी एकदा कशी फुगेल? एकट्या चाकाने नाहीच. त्याला दुसरं लागतं, जवळजवळ तितकंच, पण तितकं नसलेलं. पिशवीतून बायकोचा शिवणकामाचा टेप काढला आणि दोन्ही टायरांभोवती फिरवला. डावा २ मीटर २०. उजवा २ मीटर १७. अंगावरचा नंबर एकच, पण डावा नवा आणि उजवा त्याच्या आधीच्या जन्मातला. आठ सेकंदांत गाडी १६० मीटर जाते. तेवढ्यात डावं चाक ७२.७ फेरे घेतं आणि उजवं ७३.७. बरोबर एक फेरा जास्त.

गोव्याचे थोर लयकार खाप्रूमामा पर्वतकर यांच्याविषयी आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं. एका हाताने एक लय, दुसऱ्याने दुसरी, पायांनी आणखी वेगळी, आणि सगळ्या लयी हिशेबाने सुटून समेवर एकत्र. माझी गाडी ७२ विरुद्ध ७३ अशी लय करत होती, आणि मी तिला अडाणी समजत होतो.

आता चाक किंचित असमतोल असेल तर ते फेऱ्यागणिक एक्सलचं टोक थोडं पुढे, थोडं मागे खेचतं. दोन्ही चाकं एकाच वेळी पुढे खेचत असतील तर स्टिअरिंगच्या वाट्याला काही येत नाही. दोघांची ओढ टाय रॉडमध्येच मिटते. डावं पुढे आणि उजवं मागे असं झालं की दोघं मिळून स्टिअरिंग वळवायला बघतात. हे खरं असेल तर स्टिअरिंग शांत होतं तेव्हा गाडीची जमीन हलायला हवी. पुढच्या फेरीत भाच्याने बूट काढून पाय पत्र्यावर टेकले. "मामा, हातातलं गेलं की पायाखाली येतंय!" मग डाव्या टायरमधली ६ पीएसआय हवा सोडली. टायर जरा बसला, दोघांतला फरक कमी झाला. आवर्तन आठावरून अकरा सेकंदांवर गेलं. खुंटी पिळल्यावर डोल लांबतो, तसं.

म्हणजे दोन्ही पुढची चाकं असमतोल. आणि यंत्र म्हणतं शून्य. आता मेस्ताचे डोळे चमकले. "यंत्रावर चाक असतं. गाडीवर चाक आणि आणखी काय असतं?"

स्पेसर असतो. चाकं बाहेर काढून गाडी रुंद दिसावी म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये इंचभर जाडीच्या चकत्या घातल्या होत्या. पाच स्टडची खूण मीच करून दिली होती, परीक्षेचे पेपर तपासता तपासता, कंपास पेटीतल्या कंपासने. आयटीआयमधल्या मित्राकडून डायल गेज, म्हणजे केसभर सरकणंही मोजणारं काट्याचं मापक, आणला. डाव्या बाजूला चाकाचं केंद्र हबच्या केंद्रापासून ०.४ मिलिमीटर सरकलेलं. उजव्या बाजूला त्याहून थोडं जास्त. ०.४ मिलिमीटर म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. पण टायरसकट चाक २५ किलोंचं. ते तेवढं सरकणं म्हणजे रिमच्या काठावर ५० ग्रॅमचं शिसं फुकट बांधल्यासारखं. आणि ७२ च्या वेगात ते ५० ग्रॅम तीन किलोंहून जास्त ओढ लावतं, आणि ती ओढ सेकंदाला नऊदा चौफेर फिरते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट. यंत्रावर चाक स्वतःच्या केंद्रावर बसतं, स्पेसर तिथे नसतोच. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला अर्धीच गाडी दाखवली होती.

नवे स्पेसर करून घेतले. या वेळी खूण मी केली नाही. हबवर घट्ट बसणारी कड आतून, आणि चाकाच्या मधल्या भोकात बसणारी कड बाहेरून, म्हणजे केंद्र धरायचं काम स्टडवर सोडलेलंच नाही. नट आवळायची पाळी आली तेव्हा मेस्ताने पाना माझ्या हातात दिला. तबला लावताना गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर, एका जागी हातोडी मारली की लगेच समोरच्या बाजूला जायचं, शेजारच्या घराला नाही; नाही तर चाट एका अंगाला चढते आणि सूर फाटतो. जीपच्या चाकाला पाच नट, म्हणजे नेमकं समोर कुणीच नाही. मग एक सोडून एक, चांदणी काढत जायचं. आधी सगळे हलके, मग सगळे जरा जास्त, मग पक्के. पाचवा नट बसला तेव्हा मी सवयीने रिमवर बोट वाजवून बघितलं. मेस्त हसला. त्यालाही तीच खोड आहे.

सड्यावर गेलो. ७०. ७२. ७५. हात स्थिर. भाच्याने फोन काढला, बोट घड्याळावर ठेवलं, आणि मोजण्यासारखं काही येईना म्हणून खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणजे जिथे खिडकी असती तिथून.

टायर अजून तेच आहेत. डाव्याचे २ मीटर २०, उजव्याचे २ मीटर १७. अजूनही दर १६० मीटरला उजवं चाक एक फेरा पुढे जातं, फक्त आता कुणाला सांगत नाही. डँपर गॅरेजच्या फळीवर आहे, तबल्याच्या जुन्या चामडी पट्ट्यांच्या गुंडाळीशेजारी. आणि ७२ वर काटा आला की माझ्या मनात त्रिताल सुरू होतो, सोळाव्या मात्रेला दोन्ही तळवे आपोआप स्टिअरिंगवर आवळले जातात, आणि सम रिकामी जाते.